आप्पा मगदूमांचे थेट प्रक्षेपण

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारे आप्पा मगदूम हे मी पाहिलेले सर्वांत घाबरट गृहस्थ होते. हे विधान मी टिंगलीने करीत नाही. आयुष्य शाळेत गेल्यामुळे विशेषण जपून वापरण्याची सवय मला लागली आहे, आणि हे विशेषण मी पूर्ण विचारान्ती वापरले आहे. काही माणसे विजेला भितात, काही सापाला, काही साहेबाला. आप्पा या सर्वांना भीत. शिवाय गॅसची टाकी, गच्चीचा कठडा, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, उघडी खिडकी आणि बंद खिडकी यांनाही भीत. पाण्याला तर ते इतके भीत की सांगलीत जन्म काढूनही ते कृष्णेच्या घाटावर कधी शेवटच्या पायरीपर्यंत उतरले नव्हते.

"आप्पा, तुमाला भ्यायला कारण लागत न्हाई," असे समोरच्या खोलीतले सुभेदार शिंदे म्हणत. "बसायला जागा मिळाली की तुमी भ्यायला मोकळे."

"व्हय," आप्पा शांतपणे कबूल करीत. "उभ्यानं भ्यालं की पाय दुखत्यात."

सुभेदार माझ्याच सातारा जिल्ह्यातले. मी खंडाळ्याची, ते कऱ्हाडच्या बाजूचे. सैन्यातून निवृत्त झाल्यावर मुलीच्या शिक्षणासाठी ते सांगलीत आले आणि इथेच राहिले. मी नोकरीमुळे आले आणि निवृत्तीनंतर दुसऱ्या मजल्यावर स्थिरावले. आप्पा मात्र मूळचे सांगलीजवळचे. जैन शेतकऱ्याचे घर, पण शेती भावांकडे, आणि आप्पांची सारी नोकरी एका साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून झालेली. पाळी बदलताना कारखान्याचा भोंगा देणे हे त्यांचे काम होते. आसपासच्या गावांतल्या बायका त्या भोंग्यावर चूल पेटवीत आणि मुले त्या भोंग्यावर शाळेला निघत. "एकदा भोंगा चुकला, तर एवढ्या मोठ्या मुलखाचा दिवस चुकंल," ही त्यांची नोकरीभरची धास्ती. तो कधी चुकला नाही. तरीही निवृत्तीनंतर कित्येक वर्षे ते झोपेतून दचकून उठत आणि अक्कांना विचारत, "अगं, दिला न्हवं मी?"

अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी, सुशीलाक्का. त्या उठून त्यांना पाणी देत आणि म्हणत, "दिला. मी ऐकला."

भोंग्याची जागा पुढे सरकारी वाहिनीने घेतली. आप्पांच्या घरी दूरचित्रवाणी संच होता आणि त्याच्यावर ती एकच वाहिनी लागत असे. इतर वाहिन्या येत नव्हत्या असे नाही, पण "तिकडं समदी एकदम वरडत्यात. घरात जाळ लागल्यागत वाटतं," असे आप्पांचे मत होते. सरकारी वाहिनीवर माणसे एकामागून एक बोलतात, काय येणार ते आधी सांगतात, आणि जे सांगतात तेच येते. भित्र्या माणसाला याहून अधिक काय हवे असते? पहाटेच्या भक्तिगीतांपासून ते योगासने, आरोग्याच्या गप्पा, महिलांचा कार्यक्रम, दुपारचा शालेय पाठ, उन्हे कलताना शेतीचा कार्यक्रम, बातम्या आणि शेवटी एखादे शास्त्रीय गायन, असा तो पूर्ण दिवस आप्पा मनापासून पाहत. त्यांना ना आसने करायची होती ना ऊस लावायचा होता. दिवस ठरल्याप्रमाणे पुढे सरकतो आहे, एवढेच त्यांना पाहायचे असे.

वृत्तनिवेदिका पडद्यावर येऊन "नमस्कार" म्हणाली की आप्पा हात जोडून उलट नमस्कार करीत. सुभेदारांना याचे भारी हसू येई.

"आवं, ती बाई तुमाला बघत न्हाई!"

"ती न्हाई बघत," आप्पा म्हणत. "मी तर बघतोय न्हवं?"

अक्कांना विसरण्याचा आजार जडला तो याच काळात. आधी मिठाचा डबा सापडेना, मग शेजारणीचे नाव, मग स्वतःच्या घराचे दार. त्या बोलक्या, कामाला वाघ आणि नवऱ्याची भीती हसण्यावारी नेणाऱ्या होत्या. आता त्याच गॅलरीत उभ्या राहून "ही सकाळ हाय का संध्याकाळ?" असे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी आप्पांना बजावले की औषधापेक्षा दिवसाचा क्रम महत्त्वाचा. तो मोडू देऊ नका. डॉक्टरांना कल्पना नव्हती की आपण हे कोणाला सांगत आहोत.

काही दिवसांतच आप्पांच्या ध्यानात आले की अक्कांना घड्याळ कळत नाही, पण कार्यक्रमांचे सूर कळतात. भक्तिगीत लागले की त्या आंघोळीला उठत. महिलांचा कार्यक्रम लागला की भाजी निवडायला मागत. शालेय पाठ सुरू झाला की पाठ ताठ करून, हाताची घडी घालून बसत. त्यांची शाळा चौथीतच सुटली होती. शेतीच्या कार्यक्रमाचे संगीत वाजले की देवापाशी दिवा लावत आणि सूर्य मावळायच्या आत दोघांची पाने वाढायला घेत. हातून ताट वाढले जात नसे, पण वेळ चुकत नसे. आजार समजून घेण्यासाठी माझ्या वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे: अशा माणसाची स्मृती जाते म्हणजे सगळेच जाते असे नाही. काही वाटा उरतात. अक्कांची उरलेली वाट त्या पडद्यावरून जात होती.

ती वाट तुटली तर काय होते, हे आम्ही एकदा पाहिले होते. त्या दिवशी कसलासा सामना लांबला आणि शेतीचा कार्यक्रम रद्द झाला. अक्का वाट पाहत बसल्या. बाहेर अंधारून आले तरी त्यांच्या लेखी संध्याकाळ झाली नव्हती. आप्पा दूध आणायला खाली उतरले तेवढ्यात त्या उठल्या आणि चालू लागल्या. सापडल्या त्या घाटावर. माहेरी त्या नदीवरून पाणी आणत; गोंधळल्या की पाय तिकडेच वळत असावेत. पातळाचा काठ ओला झाला होता. सुभेदारांनी त्यांना धरून आणले. आप्पा घाटाच्या वरच्या पायरीवर उभे होते आणि त्यांचे दात वाजत होते. खाली उतरण्याची त्यांची छाती झाली नव्हती. या गोष्टीचे दुःख त्यांनी फार काळ बाळगले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाहिनीच्या कार्यालयात फोन लावला. मी पेपर परत करायला गेले होते, म्हणून एक बाजू ऐकली.

"नमस्कार. सांगलीहून बोलतोय. आमच्यात काल संध्याकाळ झाली न्हाई, साहेब... न्हाई, वीज हुती... सिग्नल बी हुता... संध्याकाळ न्हवती... तक्रार न्हवं ओ, इनंती हाय. बदलायचं असलं तर आदी सांगत जावा. आमच्या घरात एक माणूस हाय, ते तुमच्यावर चालतं."

पलीकडचा माणूस सभ्य असावा. त्याने ऐकून घेतले. फोन ठेवल्यावर आप्पा म्हणाले, "दिलगीर हायत म्हणाले, बाई." आणि त्यांचे एवढ्यानेही समाधान झाले.

आता पुराविषयी.

वर महाबळेश्वराकडे कोसळणारा पाऊस आम्हांला सांगलीत दिसत नाही. तो आम्हांला नंतर भेटतो, नदीतून, धरणातून, कधी कोरड्या उन्हात. त्यामुळे नदीकाठच्या माणसांना एक विचित्र सवय लागते: ती आकाशाकडे न बघता भिंतीकडे बघतात. आमच्या फाटकाच्या खांबावर मागच्या मोठ्या पुराची तांबडी रेघ मारलेली होती. त्या आठवड्यात पाणी गल्लीच्या तोंडाशी आले, तेव्हा सगळे त्या रेघेच्या हिशेबाने बोलत होते. सुभेदारांनी खांबावर थाप मारून सांगितले, "ही रेघ मी स्वतः मारलीय. हिच्यावर पाणी आलं तर मिशी उतरवीन."

एकटे आप्पा त्या रेघेवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. "पाण्याला रेघ ठावं असती का?" ते म्हणाले. ध्वनिक्षेपक लावलेली रिक्षा "घरे सोडा" असे सांगत फिरत होती. आप्पांनी पिशवी केव्हाच भरली होती. टेम्पो आला तेव्हा त्यांनी अक्कांना धरून त्यात बसवले. बहुतेक बिऱ्हाडे त्याच टेम्पोने गेली; मी दुसऱ्या मजल्याच्या भरवशावर मागे राहिले. पण टेम्पो सुटण्याआधी वरच्या घरातून शालेय पाठाचे संगीत ऐकू आले. संच बंद करायचा राहिला होता. अक्का टेम्पोतून उतरल्या आणि जिना चढून आपल्या खुर्चीत ताठ बसल्या. आप्पांनी आर्जवे केली, हात ओढला. अक्कांनी किंकाळी फोडली. टेम्पोवाला ओरडू लागला.

"जाऊ दे त्याला," सुभेदार म्हणाले. "ह्यो पाठ संपला की माझ्या गाडीनं निघू. मी हाय न्हवं."

पाठ संपेपर्यंत थांबणे! दुसऱ्या कुठल्या घरात असा निर्णय झाला असता असे मला वाटत नाही. पाठ संपला तेव्हा सुभेदारांची गाडी फाटकाशी तरंगत होती.

दिवेलागणीला वीज गेली. आप्पा, अक्का आणि सुभेदार माझ्याकडे वर आले. त्या रात्रीविषयी लिहिण्यासारखे एवढेच की कोणी झोपले नाही, अक्का तेवढ्या झोपल्या, आणि जिन्यातून पाणी चढताना आवाज करीत नाही हे मला नव्याने कळले.

सकाळी तांबडी रेघ कुठे होती हे दाखवायला खांबही उरला नव्हता. गल्लीतून गढूळ लोट वाहत होता. कुणाचा गॅसचा सिलिंडर, कुणाचे पिंप, मोडका पाळणा, असे काहीबाही इमारतीवर आदळून पुढे जात होते. समोरच्या पत्र्यावर दोन कुत्री भुंकायची थांबून नुसती बघत होती. सुभेदार गॅलरीत बराच वेळ उभे राहिले. मग हलकेच म्हणाले, "बाई, वस्तरा हाय का घरात?"

मी हसले नाही. त्यांनाही ते अपेक्षित नव्हते.

एवढ्यात अक्का जाग्या झाल्या. त्यांनी माझ्या बंद, काळ्या संचाकडे पाहिले. पुन्हा पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी वर्गात हरवलेल्या लहान मुलांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

"अजून उजाडलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मी खाली जाते. दूधवाला यील." आणि जिन्याकडे निघाल्या.

पहिल्या मजल्याखालचे जिन्याचे वळण पाण्यात होते. सुभेदारांनी आडवा हात घातला, तेव्हा अक्कांनी त्यांना ओरबाडले. "ह्यो कोण? ह्यो कोण हाय?" त्या ओरडत होत्या, आणि किरकोळ अंगाच्या त्या बाईला आवरताना एक धडधाकट सैनिक दोन पायऱ्या खाली घसरला. पाणी त्याच्या पोटरीला लागले. अक्का त्याच्या काखेखालून वाट काढू पाहत होत्या.

तेव्हा माझ्या खोलीतून आवाज आला.

"नमस्कार. सुप्रभात. आता सादर करीत आहोत आजच्या कार्यक्रमांची रूपरेषा."

आवाज आप्पांचा होता आणि नव्हताही. त्यातले "हाय-न्हाई" गेले होते. प्रत्येक शब्द धुऊन, घडी घालून ठेवल्यासारखा होता. इतकी वर्षे ते नुसते पाहत नव्हते, ऐकतही होते. अक्का थांबल्या. त्यांनी मान वळवली. वर आप्पा माझ्या संचाला पाठ लावून खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर जुळवलेले, नजर समोर.

"सर्वप्रथम ऐकू या भक्तिगीत."

आणि फाटक्या गळ्याने त्यांनी णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली. अक्का वर आल्या. समोर बसल्या. मंत्र संपला तेव्हा म्हणाल्या, "पाणी तापवा गं कुणीतरी. आंघोळीचं झालं."

तो दिवस आम्ही असा काढला. मदत येईल की नाही ठाऊक नव्हते. फोन मुके झाले होते. अक्का खुर्चीत बसून राहतील तोवर त्या वाचतील, आणि कार्यक्रम चालू राहील तोवर त्या बसून राहतील, एवढे आम्हां तिघांना स्वच्छ कळले होते. महिलांच्या कार्यक्रमात मी भडंग करून दाखवले. घरात तेवढेच होते. कांद्याचे नाव काढताच निवेदकांनी घसा खाकरला, तेव्हा मी कांदा वगळला. शालेय पाठही माझ्याकडेच आला. सवयीने मी भूगोल काढणार होते, पण 'नदी' हा शब्द ओठांवर येताच आप्पांचे डोळे पाहिले आणि अपूर्णांक शिकवले. अक्का हाताची घडी घालून ऐकत होत्या. नोकरीतही इतका एकाग्र विद्यार्थी मला क्वचित मिळाला.

दोन कार्यक्रमांच्या मधल्या जागेत आप्पा जिन्यापाशी जात, वाकून बघत आणि भिंत धरून परत येत.

"मगाची पायरी दिसत न्हाई, बाई," ते कुजबुजत. घाम पुसत, सदरा नीट करीत, आणि खुर्चीत बसता बसता पुन्हा तो धुतलेला आवाज: "यानंतरचा कार्यक्रम आहे..."

शेतीच्या कार्यक्रमात सुभेदारांना पाचारण झाले.

"आज आपल्यासोबत आहेत कऱ्हाडचे प्रगतिशील शेतकरी श्री. शिंदे. शिंदेसाहेब, आडसाली उसाविषयी काय सांगाल?"

"काय सांगायचं," सुभेदार आधी लाजले, मग रंगले. "बेणं चांगलं घ्या. सरी रुंद सोडा. आमी गेल्या पावसाळ्यात गावाकडं लय झ्याक लावलाय गड्या, नदीकाठच्या पट्टीत. पुरुषभर झालाय. पाण्याचा निचरा तेवढा... पाणी तेवढं..."

ते थांबले. नदीकाठची ती पट्टी आता कुठे होती, हे त्यांना बोलता बोलता आठवले होते. सीमेवर राहिलेल्या त्या माणसाने तोंड भिंतीकडे केले. अक्का चुळबुळल्या. उठू लागल्या.

"व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत," आप्पा लगेच म्हणाले. "पाहू या काही क्षण संगीत." आणि ते तोंडाने शेतीच्या कार्यक्रमाचे सूर वाजवू लागले. अक्का हळूहळू टेकल्या.

पण बातम्यांची वेळ आली तेव्हा माझी चिंता वाढली. आप्पांचा स्वभाव असा की सरकारी वाहिनीच्या तोंडी त्यांना खोटे घालता येत नसे. आणि खरे सांगणे तर त्याहून कठीण.

"नमस्कार. ठळक बातम्या," ते म्हणाले. "कृष्णा नदीच्या पाणीपातळीत वाढ झाली आहे. जिन्याचे... शहराच्या सखल भागात पाणी शिरले आहे. चार नागरिक एका इमारतीत सुरक्षित आहेत. नागरिकांनी घाबरून जाऊ नये."

शेवटच्या वाक्यावर त्यांचा आवाज फाटला. अक्का पुढे वाकून त्यांच्याकडे निरखून पाहू लागल्या.

"ह्यो माणूस सोताच भ्यालाय," त्या मला म्हणाल्या. मग त्यांच्याकडे वळून, अनोळखी माणसाला धीर द्यावा तशा मायेने, "भिऊ नका, साहेब," म्हणाल्या.

साहेब. लग्नापासून नवऱ्याला "आवं" म्हणणारी बाई. आप्पांनी मान खाली घातली. त्या दिवसभरात ते पाण्याला भ्याले होते. या क्षणी ते ज्याला भ्याले ते पाणी नव्हते. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "आभारी आहे. आता हवामान."

हवामान चालू असतानाच मोटारीचा घरघराट ऐकू आला. जवानांची रबरी बोट पहिल्या मजल्याच्या गॅलरीला लागली होती. तिथवर पोहोचायचे तर जिना उतरून, गुडघाभर पाण्यातून आप्पांच्याच गॅलरीत जायचे आणि कठड्यावरून बोटीत पाय टाकायचा. उजेड उतरत होता. जवान घाई करीत होता. जिन्याच्या कोरड्या पायरीवर थांबून अक्कांनी पाणी पाहिले, भलीमोठी बोट पाहिली, आणि गॅलरीत उघडणाऱ्या दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"माताजी, आइए, जल्दी आइए।"

त्या किंचाळल्या. सुभेदार पुढे झाले तर आणखी किंचाळल्या. जवानाने मान हलवली. जबरदस्तीने उचलून आणले आणि बोटीत धडपडल्या तर सगळेच उलटतील, असे तो म्हणाला. आणि लोट वाढतोय, फार थांबता येणार नाही. त्याचा अर्थ आम्ही समजलो. अक्का इथेच राहणार, किंवा सगळेच राहणार.

आप्पा कठड्याकडे पाहत होते. गच्चीच्या कठड्यालासुद्धा जे भीत, ते आप्पा. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि तो आवाज पुन्हा काढला. पण आता तो जुळत नव्हता, मध्ये मध्ये तुटत होता.

"प्रेक्षकहो, हवामानाचा वृत्तान्त येथेच संपला. यानंतर आपण पाहणार आहोत थेट प्रक्षेपण. कृपया माझ्याबरोबर यावे."

ते पाण्यात उतरले. थंड पाणी गुडघ्याला लागताच त्यांचा श्वास अडकला, तो आम्हांला ऐकू आला. "मी आता गॅलरीत आहे. पाणी गार आहे. वेगाने वाहत आहे. पण दोर जवानांच्या हातात आहे. मी आता कठड्यावर... कठड्यावर पाय ठेवत आहे." जवानाने त्यांना काखेत धरले. "मी नावेत आलो आहे. नाव हलत आहे. नाव... थोडी हलत आहे." ते बोटीत बसले नाहीत, कोसळले. तिथूनच, एका हाताने दोर कवटाळून, तोंड आमच्याकडे करून ते बोलत राहिले. "येथून इमारत स्पष्ट दिसत आहे. दारात एक बाई उभ्या आहेत. हिरवे पातळ आहे. त्या फार धीराच्या आहेत. त्या आता चौकट सोडत आहेत."

अक्कांनी एक हात सोडला.

"त्या आता पाण्यात पाय ठेवत आहेत."

त्यांनी पाय ठेवला. माझा हात त्यांच्या पाठीशी होता, पण त्यांना तो कळलाच नाही. त्या आवाजाकडे चालत होत्या, सकाळी खुर्चीकडे चालत गेल्या तशाच. कठड्यावरून त्यांना उचलून घेताना त्या ओरडल्या नाहीत; कारण आप्पा त्याच वेळी सांगत होते की आता त्यांना उचलून घेण्यात येत आहे.

वाटेत आप्पांनी तोंड मिटले नाही. दुकानांच्या पाट्या, विजेच्या खांबांची टोके, देवळाचा कळस, गच्चीवरून हात हलवणारी माणसे, सारे त्यांनी सांगितले. एकदाच थांबले. उजवीकडून एक फुगलेली म्हैस वाहत आली तेव्हा. "आता डावीकडे पाहू या," ते म्हणाले, आणि अक्कांनी डावीकडे पाहिले.

आम्हांला एका शाळेच्या सभागृहात ठेवले होते. तिथे एक परिचारिका अक्कांचा रक्तदाब पाहत होती. मी शेजारच्या सतरंजीवर होते.

"आजी, कोणाबरोबर आलात?" तिने विचारले.

"ह्या साहेबांबरोबर," अक्का म्हणाल्या. "टीव्हीवर असत्यात. लय नीट सांगत्यात."

"आणि मालक कुठं आहेत तुमचे?"

अक्कांचा चेहरा एकाएकी कोमेजला. त्या सभागृहभर नजर फिरवू लागल्या. "ते घरातच राहिलं का? आवं, कुणीतरी आणा त्यास्नी. पाण्याला लय भितात ते. एकटं कसं राहत्यात?" त्या उठू लागल्या, दाराकडे, बाहेरच्या पाण्याकडे. परिचारिकेने माझ्याकडे पाहिले. मी आप्पांकडे.

आप्पा ओल्या सदऱ्यात कुडकुडत होते. आपले नाव सांगून पाहावे असे त्यांना वाटले असेल. त्यांचे ओठ तसे हललेही. पण त्यांनी सदरा नीट केला आणि ताठ बसले.

"नमस्कार," ते म्हणाले. "आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार, बाळगोंडा ऊर्फ आप्पा मगदूम सुखरूप आहेत. त्यांना पाण्याबाहेर काढण्यात आले आहे."

"खरं का?"

"खरं."

अक्का खाली बसल्या. पदराने डोळे पुसून परिचारिकेला म्हणाल्या, "हे खोटं सांगत न्हाईत."

पाणी ओसरल्यावर त्यांचा मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला. सांगलीचे घर आता राहण्यासारखे उरले नव्हते. आईवडिलांना कायमचे न्यायचे ठरले होते. सुभेदार निरोपाला आले. त्यांनी खरोखरच मिशी उतरवली होती. त्यामुळे त्यांचा चेहरा लहान आणि उघडा दिसत होता. आप्पा त्यांच्याकडे बघून एवढेच म्हणाले, "वाढवा पुन्हा, सुभेदार. भ्या वाटतं तुमास्नी असं बघून." दोघे हसले.

मुलाने अक्कांना मागच्या आसनावर बसवले. आप्पा माझ्यापाशी आले. मी विचारले, "त्यांनी अजून ओळखले नाही?"

"न्हाई, बाई. पर रोज माझी चौकशी करती," ते म्हणाले. "दिवसातनं धा येळा. जेवलं का, औषध घेतलं का, भ्यालं न्हाईत न्हवं. एवढी तर ती आदी बी करत न्हवती."

ते अक्कांशेजारी जाऊन बसले. अक्का बावरून मागे, खिडकीतून, चिखलाने माखलेल्या गल्लीकडे पाहत होत्या.

"साहेब, आमचं मालक निघालं का?"

"निघाले आहेत," आप्पा म्हणाले. "आत्ताच गाडीत बसले आहेत."

"मग दार नीट लावाया सांगा त्यास्नी," अक्का म्हणाल्या. "लय भितात ते."

आप्पांनी लावलेले दार पुन्हा उघडले, नीट लावले आणि आतून ओढून पाहिले. मग गाडी निघाली.